फळ न कापता आतली इजा कशी ओळखतात?

केळ्यांचा घड १३ अंश सेल्सिअसपेक्षा थंड जागी काही दिवस राहिला, तरी बाहेर काढताना तो बहुधा धडधाकटच दिसतो. साल हिरवी असते, डाग नसतो, बोटाने दाबूनही काही कळत नाही. तोच घड पिकायला ठेवला की साल पिवळी होण्याऐवजी मळकट, करडी पडत जाते आणि सालीखालच्या शिरा तपकिरी झालेल्या आढळतात. इजा थंडीत झालेली असते, दिसते ती ऊब मिळाल्यावर. आणि मधल्या काळात त्या मालाची प्रतवारी होऊन तो खोक्यात भरून पुढे गेलेलाही असतो. या मधल्या काळात, फळ न कापता आणि न टोचता, त्याच्या आत काय बिघडले आहे हे सांगू शकणाऱ्या अनेक पद्धती गेल्या काही दशकांत तयार झाल्या. त्यांची यंत्रे वेगळी आणि त्यांतले तज्ज्ञही वेगळे, पण त्या ज्याचा माग काढतात ती गोष्ट बरीचशी एकच आहे. ती नीट समजली, तर कोणती पद्धत कुठे उपयोगी पडेल आणि कुठे फसेल याचा अंदाज सामान्य वाचकालाही बांधता येतो.

झाडावरून उतरवलेले फळ जिवंत असते. ते श्वसन करते, म्हणजे ऑक्सिजन घेऊन साठवलेली साखर व आम्ले जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो, आणि म्हणूनच माल थंड ठेवण्याला इतके महत्त्व आहे. मात्र झाडापासून तुटल्यावर त्याला नवे पाणी मिळत नाही आणि नवे अन्नही मिळत नाही. जे आहे त्यावर त्याला दिवस काढायचे असतात. अशा स्थितीत जी कोणती परिस्थिती त्याच्या पेशींना त्यांचा नेहमीचा कारभार चालवू देत नाही, तिला ताण म्हणतात. फार थंडी, फार उष्णता, कोरडी हवा, ऑक्सिजनची टंचाई, कार्बन डायऑक्साइडची गर्दी, आणि अर्थातच आपटणे, घासणे, दबणे हे सगळे ताणच. थोडा ताण फळ सहन करते आणि सावरते. तो एका मर्यादेपलीकडे गेला किंवा फार काळ टिकला, की जे घडते ते परत फिरवता येत नाही, आणि तिथून पुढे त्याला इजा म्हणायचे.

पेशीच्या पातळीवर या इजेचा केंद्रबिंदू बहुतेक वेळा पेशीपटल हा असतो. प्रत्येक पेशीभोवती, आणि पेशीच्या आतल्या कप्प्यांभोवतीही, स्निग्ध पदार्थांचा बनलेला अतिशय पातळ पडदा असतो. कोणता पदार्थ कोणत्या कप्प्यात राहील, पाणी आणि क्षार कुठून कुठे जातील, हे तो ठरवतो. उष्ण प्रदेशातल्या पिकांमध्ये या पडद्यातले स्निग्ध पदार्थ कमी तापमानाला, थंडीत तेल थिजावे तसे, आपली तरलता गमावतात. पडदा ताठर होतो, त्यातली प्रथिने नीट काम करेनाशी होतात आणि आतले क्षार व पाणी बाहेर झिरपू लागते. हा विचार १९७० च्या दशकात मांडला गेला आणि पुढे त्यात बराच तपशील भरला गेला, पण त्याचा गाभा टिकून आहे. आपटल्यामुळे होणाऱ्या मुक्या मारात हेच काम यांत्रिक धक्का एका क्षणात करतो. पेशी फुटतात, एका कप्प्यातली फिनॉल वर्गातली रसायने दुसऱ्या कप्प्यातल्या विकराच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) आणि ऑक्सिजनच्या संपर्कात येतात, आणि त्यातून तो परिचित तपकिरी रंग तयार होतो. हा रंग दिसायला काही तासांपासून एखाद्या दिवसापर्यंत वेळ लागतो, आणि जाड किंवा गडद सालीच्या फळात तो बाहेरून कधी दिसतही नाही.

तेव्हा शोधायचे काय, तर आपापली जागा सोडलेले पाणी, वायू, क्षार आणि रंगद्रव्ये. फळाला न कापता इजा ओळखणारी बहुतेक पद्धत यांपैकी कशाच्या तरी जागा बदलण्याचा भौतिक परिणाम मोजते: प्रकाश वेगळा परततो, उष्णता वेगळी वाहते, आवाज वेगळा घुमतो, किंवा हवेत एखादा वेगळा वायू मिसळतो. फळाच्या आतली इजा यंत्राला थेट दिसते असा समज पुष्कळदा करून दिला जातो. प्रत्यक्षात यंत्र तिची सावली मोजते आणि त्या सावलीवरून अनुमान काढावे लागते. या लेखातल्या प्रत्येक पद्धतीबाबत हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

यांतली सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत प्रकाशाची आहे. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापलीकडे, २५०० नॅनोमीटरपर्यंतच्या पट्ट्याला निकट-अवरक्त म्हणतात. या पट्ट्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण पाणी त्यातल्या ठरावीक तरंगलांबी आवर्जून शोषते. ९७०, ११९० आणि १४५० नॅनोमीटरच्या आसपास हे शोषण ठळकपणे दिसते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी विभागात कार्ल नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणधर्माचा उपयोग धान्यातला ओलावा मोजण्यासाठी करून दाखवला, आणि तिथून ही पद्धत हळूहळू फळांकडे वळली. फळांच्या प्रतवारीत तिने प्रथम जम बसवला तो इजेसाठी नव्हे, गोडी मोजण्यासाठी.

ताज्या मुक्या माराच्या बाबतीत निकट-अवरक्त प्रकाश काय करतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सफरचंदाच्या गरात सुमारे एक चतुर्थांश जागा हवेने व्यापलेली असते. पेशींच्या मधल्या फटींत ती भरलेली असते. प्रकाश गरात शिरला की पेशी आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर तो विखुरतो, आणि विखुरता विखुरता त्याचा बराच भाग पुन्हा बाहेर येतो. निरोगी गर या प्रकाशात उजळ दिसतो तो त्यामुळे. फळ आपटले, की त्या ठिकाणच्या पेशी फुटतात आणि त्यांचा रस या हवेच्या फटींत भरतो. आता प्रकाशाला विखुरण्यासाठी सीमाच उरत नाहीत आणि वाटेत पाणी जास्त भेटते, त्यामुळे कमी प्रकाश परततो व तेवढा भाग प्रतिमेत काळपट दिसतो. साल अखंड असते, रंग बदललेला नसतो, तरी १००० ते १३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात घेतलेल्या चित्रात मार बसलेली जागा वेगळी उठून दिसते. पुढे दिवस गेले की त्याच जागेतले पाणी उडते, गर कोरडा पडतो आणि तिचा ठसा बदलतो. म्हणजे ताजा मार आणि जुना मार यांची ओळख एकसारखी नसते, आणि एकावर घडवलेले यंत्र दुसऱ्यावर हमखास चालेल असे धरून चालत नाही.

या प्रकाशाची मर्यादा खोलीची आहे. सफरचंदासारख्या फळात निकट-अवरक्त प्रकाश, तरंगलांबीनुसार, दोन-चार मिलिमीटरपेक्षा फार आत पोचून उपयोगी माहिती घेऊन परत येत नाही. सालीलगतच्या मारासाठी हे पुरेसे आहे. अननसाच्या किंवा सफरचंदाच्या गाभ्याजवळ काळवंडलेल्या गरासाठी ते अजिबात पुरेसे नाही. तिथे फळाच्या एका बाजूने जोरदार प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने आरपार आलेला उजेड मोजावा लागतो, आणि तो इतका क्षीण असतो की मोजणारे यंत्र संवेदनशील आणि बाहेरच्या उजेडापासून पूर्ण झाकलेले हवे. जाहिरातीत एखादे यंत्र ‘आतली गुणवत्ता’ मोजते असे म्हटले असेल, तर प्रकाश कुठून शिरतो आणि कुठून मोजला जातो हे विचारणे हा पहिला शहाणपणा ठरतो.

साधा वर्णपटमापक, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारे यंत्र, फळाच्या एकाच ठिपक्याची माहिती देतो, तर साधा कॅमेरा सगळ्या पृष्ठभागाचे चित्र देतो पण केवळ तीन रंगांत. या दोहोंचा संगम म्हणजे हायपरस्पेक्ट्रल चित्रण: चित्रातल्या प्रत्येक बिंदूपाशी शंभराहून अधिक तरंगलांबींची नोंद. काकडीवर थंडीने पडणारे खळगे आणि पाणथळ डाग डोळ्यांना स्पष्ट होण्याआधी या पद्धतीने ओळखण्याचे प्रयोग झाले आहेत. अडचण माहितीच्या ढिगाची आहे. एका फळाच्या नोंदीत इतके आकडे असतात की प्रतवारीच्या पट्ट्यावर, जिथे एका रांगेतून सेकंदाला सुमारे १० फळे पुढे सरकतात, ते सगळे हिशेबात घेणे परवडत नाही. म्हणून प्रयोगशाळेत हायपरस्पेक्ट्रल यंत्राने कोणत्या चार-पाच तरंगलांबींत निरोगी आणि इजा झालेला भाग सर्वांत वेगळा दिसतो हे शोधायचे आणि कारखान्यात तेवढ्याच तरंगलांबींचे स्वस्त, चपळ कॅमेरे बसवायचे, असा मार्ग सहसा निवडला जातो.

आता ज्या पद्धतीकडे माझा स्वतःचा ओढा सर्वांत जास्त आहे ती. वरच्या सगळ्या पद्धती पेशी फुटल्यावर, पाणी हलल्यावर काही सांगतात. हरितद्रव्याचा फ्लुओरेसन्स त्याआधी बोलतो. हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेला तीन वाटा असतात: प्रकाशसंश्लेषणात खर्च होणे, उष्णता म्हणून बाहेर पडणे, किंवा किंचित जास्त लांबीच्या तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परत फेकले जाणे. ही तिसरी वाट म्हणजे फ्लुओरेसन्स, आणि तिच्या वाट्याला शोषलेल्या ऊर्जेचा अगदी लहान हिस्सा, एक-दोन टक्के, येतो. पण पहिली वाट तुंबली की उरलेल्या दोन वाटांवरची गर्दी बदलते, आणि म्हणून या मंद तांबड्या उजेडावरून आतले यंत्र किती सुरळीत चालू आहे ते कळते. अंधारात ठेवलेल्या पानावर एकदम उजेड पाडला की हा फ्लुओरेसन्स आधी झपकन चढतो आणि मग सावकाश उतरतो, असे हान्स काउट्स्की आणि ए. हिर्श यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. आजच्या यंत्रात पान किंवा फळ काही वेळ अंधारात ठेवून त्याचा किमान फ्लुओरेसन्स मोजतात, मग लख्ख झोत टाकून कमाल फ्लुओरेसन्स मोजतात. या दोहोंतल्या फरकाला कमाल आकड्याने भागले की एक गुणोत्तर मिळते. निरोगी पानांत ते ०.८३ च्या आसपास असते आणि ताण वाढला की घसरते. फळांच्या सालीत हा आकडा बहुधा याहून कमीच असतो, त्यामुळे पानाचा मापदंड फळाला जसाच्या तसा लावून चालत नाही. त्याच फळाचा कालचा आकडा आणि आजचा आकडा यांची तुलना अधिक विश्वासार्ह असते.

ही पद्धत प्रयोगशाळेच्या बाहेर कशी रुजली याचे उत्तम उदाहरण सफरचंदांच्या साठवणुकीत सापडते. सफरचंदे महिनोन्महिने टिकवण्यासाठी हवाबंद शीतगृहातला ऑक्सिजन हवेतल्या २१ टक्क्यांवरून एक ते तीन टक्क्यांपर्यंत उतरवतात, जेणेकरून श्वसन मंदावते. तो जितका कमी तितके चांगले, पण एका मर्यादेखाली फळ गुदमरते, ऑक्सिजनविना श्वसन सुरू होते, अल्कोहोल साचते आणि चव बिघडते. ही मर्यादा प्रत्येक जातीची, प्रत्येक हंगामाची, किंबहुना प्रत्येक बागेची वेगळी असते, त्यामुळे पूर्वी सुरक्षिततेसाठी ऑक्सिजन तिच्या बराच वर ठेवत असत. या शतकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या संशोधकांनी एक सोपी युक्ती वापरली. त्यांनी शीतगृहातल्या काही मोजक्या फळांवर फ्लुओरेसन्स मोजणारे संवेदक बसवले आणि ऑक्सिजन हळूहळू उतरवला. आलेख बराच वेळ जवळपास सपाट चालतो, आणि ऑक्सिजन त्या मर्यादेखाली गेला की तो एकदम वर उसळतो. ती उसळी दिसली की चालक ऑक्सिजन किंचित वाढवतो, आलेख पुन्हा खाली बसतो, आणि ती मर्यादा त्या खोलीपुरती निश्चित झालेली असते. एक टक्क्याहूनही कमी ऑक्सिजनमध्ये फळे सुरक्षित ठेवणे त्यामुळे शक्य झाले, आणि सालीवर तपकिरी चट्टे पाडणारा साठवणुकीतला एक जुना विकार रसायनांशिवाय आटोक्यात ठेवता आला. इथे फळाला इजा झालेली नसते, ताण नुकता सुरू झालेला असतो आणि तो मागे घेता येतो, हे या पद्धतीचे खरे मोल आहे.

तिची उणीवही उघड आहे. हरितद्रव्य नसेल तिथे ती मुकी. पूर्ण पिकलेला टोमॅटो, कांदा, फुलकोबीचा गड्डा यांच्यापाशी तिला विचारण्यासारखे फारसे काही नसते, आणि पिकताना हरितद्रव्य आपोआप कमी होते तेव्हा फ्लुओरेसन्सचा बदल पिकण्यामुळे की ताणामुळे हे वेगळे काढावे लागते.

वायूंची पद्धतही अशीच जिवंत प्रक्रियेवर नजर ठेवणारी आहे. फळ नीट श्वास घेत असेल तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि आत घेतलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर साधारण एकच्या आसपास असते. किण्वन, म्हणजे ऑक्सिजनविना श्वसन, सुरू झाले की कार्बन डायऑक्साइड निघतच राहतो पण ऑक्सिजन तितका लागत नाही, आणि गुणोत्तर चढते. त्याचबरोबर इथेनॉल आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडची वाफ हवेत येते. पेशी फुटल्या तर वेगळी वाफ येते: पेशीपटलातली स्निग्धाम्ले विकरांमुळे तुटून हेक्झानालसारखे रेणू बनतात, आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा जो वास असतो तो याच कुळातला. जखमी ऊतींतून इथिलीन हा फळ पिकवणारा वायूही अधिक निघतो, आणि लेझरवर चालणारी यंत्रे अब्जात एक भाग किंवा त्याहून कमी इतके इथिलीनही टिपू शकतात. अनेक साध्या संवेदकांचा समूह वापरून वासाचा एकत्रित ठसा ओळखणारे इलेक्ट्रॉनिक नाक १९८२ मध्ये कृष्ण पर्साद आणि जॉर्ज डॉड यांनी मांडले, आणि त्याचे अनेक प्रकार फळांवर तपासले गेले आहेत. मात्र शीतगृहातल्या हवेत सापडलेला वायू कोणत्या खोक्यातल्या कोणत्या फळाने सोडला, हे तो सांगत नाही. शिवाय निरोगी केळे पिकतानाही भरपूर इथिलीन सोडते. म्हणून वायूंची पद्धत खोलीचा पहारेकरी म्हणून उत्तम आहे, एकेका फळाची निवड करण्यासाठी मात्र कच्ची.

उष्णतेचे चित्रण करणारे कॅमेरे हल्ली स्वस्त झाले आहेत, आणि त्यामुळे त्यांच्याविषयी अपेक्षाही वाढल्या आहेत. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडतो. हा कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात ते टिपतो. सालीला चीर असेल तर तिथून पाणी अधिक उडते आणि तो भाग थोडा गार दिसतो. मार बसलेल्या जागी हवेऐवजी रस भरल्यामुळे उष्णता वेगळ्या वेगाने वाहते, पण फळ आणि भोवतालची हवा एकाच तापमानाला असली तर हा फरक दिसण्याचे कारणच नसते. फळ थंडीतून उबदार जागी आणल्यावरच्या काही मिनिटांत, किंवा मुद्दाम क्षणभर गरम हवा मारल्यानंतर, दोन भागांतला फरक अंश-दोन अंशांपर्यंत उमटतो आणि मग पुन्हा मिटतो. योग्य क्षण साधला नाही तर काहीच दिसत नाही, आणि वाऱ्याची एखादी झुळूकही चित्र बिघडवते.

आवाजाचे काम वेगळे. कलिंगड वाजवून पाहणे हा जगभरातला जुना प्रकार आहे, आणि त्यामागचे शास्त्र पक्के आहे. फळाला हलकी टिचकी मारली की ते आपल्या नैसर्गिक वारंवारतेने कंप पावते. या वारंवारतेचा वर्ग आणि फळाच्या वस्तुमानाचा दोन-तृतीयांश घात यांचा गुणाकार त्याचा ताठपणा सांगतो. १९२५ पासून वापरात असलेला मॅग्नेस-टेलर दाबमापक गरात एक बोथट दांडा खुपसतो आणि ते फळ वाया घालवतो. टिचकीने तेच फळ आठवडाभर रोज तपासता येते. पाणी उडून मऊ पडणे, पिठूळ होणे असे सर्व फळभर पसरलेले बदल यात चांगले उमटतात. एका कोपऱ्यातला रुपयाएवढा मार मात्र निसटतो, कारण कंपन संपूर्ण फळाचे असते. वैद्यकात इतके यशस्वी झालेले अल्ट्रासाउंड फळांत का चालत नाही, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर वर आलेच आहे: गरातल्या हवेच्या असंख्य फटी या ध्वनिलहरींना काही मिलिमीटरांतच विस्कटून टाकतात.

गाभ्यापर्यंतचे स्पष्ट चित्र देणाऱ्या पद्धती मुख्यतः दोन, क्ष-किरण आणि एमआरआय. क्ष-किरण घनता पाहतात. गर काळवंडू लागतो तेव्हा आधी हवेच्या फटींत रस भरून तो भाग घन होतो, आणि नंतर तो वाळून पोकळी पडते. दोन्ही बदल क्ष-किरणांच्या त्रिमितीय चित्रात दिसतात. तपासणीसाठी वापरलेल्या क्ष-किरणांनी फळ किरणोत्सारी होत नाही, हे सांगून ठेवणे बरे, कारण ही शंका वारंवार येते. एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना चुंबकीय क्षेत्रात डोलवते आणि ती किती वेळात स्थिरावतात हे मोजते. पेशीच्या मोठ्या कप्प्यातले मोकळे पाणी उशिरा स्थिरावते, पेशीभित्तिकेशी जखडलेले पाणी लवकर. म्हणून पाण्याने जागा बदलली की चित्र बदलते. पीच फळात थंडीमुळे येणारा लोकरी कोरडेपणा, ज्यात रस असूनही तो भित्तिकांत अडकून बसतो आणि फळ चोथ्यासारखे लागते, तो शोधायला ही पद्धत अतिशय योग्य आहे. (हा विकार साधारण २ ते ८ अंशांत सर्वांत वेगाने वाढतो आणि शून्य अंशाजवळ तुलनेने हळू, जास्त थंड म्हणजे जास्त इजा, हा सरळ हिशेब इथे चुकतो.) एमआरआय यंत्राची किंमत, वजन आणि प्रत्येक फळाला लागणारा वेळ पाहता ते प्रतवारीच्या पट्ट्यावर सर्रास दिसण्याची शक्यता कमी आहे. संशोधनात मात्र त्याला तोड नाही: इतर स्वस्त पद्धतींनी काढलेले अनुमान खरे की खोटे, ते फळ न कापता पडताळण्याचा तो मार्ग आहे.

लेझरच्या प्रकाशात फळावर बारीक ठिपक्यांचा चमचमता नमुना दिसतो. पेशींमधली हालचाल चालू असेपर्यंत तो थरथरत राहतो आणि मृत भागात मंदावतो. यावर आधारलेली बायोस्पेकल पद्धत आकर्षक आहे, पण त्याच जागी बुरशी वाढू लागली की थरथर पुन्हा वाढते, आणि बरे काय व वाईट काय याचा गोंधळ उडतो.

या सगळ्या पद्धतींचे कच्चे आकडे स्वतःहून काही बोलत नाहीत. त्यांच्यावरून निकाल देणारे गणिती प्रारूप तयार करावे लागते, आणि त्यासाठी आधी शेकडो फळे यंत्राने मोजून मग कापून, किंवा काही दिवस उबेत ठेवून, खरी इजा कोणाला झाली होती ते नोंदवावे लागते. न कापता तपासण्याच्या पद्धतीची पायाभरणी अशी कापलेल्या फळांवरच होते. इथेच बहुतेक चुका शिरतात. प्रयोगात मार देण्यासाठी लोलक किंवा पोलादी गोळा ठरलेल्या उंचीवरून सोडतात; तो मार नेटका, गोल आणि एकसारखा असतो, खऱ्या वाहतुकीतला मार तसा नसतो. एकाच फळाच्या चित्रातले काही बिंदू शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी वापरले, तर प्रारूप इजा न ओळखता ते फळच ओळखायला शिकते आणि कागदावर निकाल उत्तम दिसतो. एका जातीवर, एका हंगामात आणि एका तापमानाला घडवलेले प्रारूप पुढच्या वर्षी ढेपाळते, कारण फळाच्या तापमानाबरोबर पाण्याच्या शोषणाच्या पट्ट्याही किंचित सरकतात. दुसऱ्या बागेच्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मालावर तपासणी झाली आहे का, हा प्रश्न कोणत्याही मोठ्या टक्केवारीपेक्षा अधिक सांगून जातो.

टक्केवारीबद्दल आणखी एक हिशेब. समजा १००० फळांत २० फळांना आतून इजा आहे, आणि यंत्र खराब फळाला खराब व चांगल्याला चांगले म्हणण्यात दोन्हीकडे ९५ टक्के अचूक आहे. ते २० पैकी १९ खराब फळे पकडेल, हे छानच; पण ९८० चांगल्या फळांपैकी ४९ फळेही ते बाजूला काढेल. बाजूला काढलेल्या ६८ फळांपैकी खरोखर खराब फक्त १९. इजा जितकी दुर्मीळ तितका हा तोटा मोठा, म्हणून अशी फळे थेट फेकून न देता पुन्हा तपासण्याची किंवा लवकर विकून टाकण्याची सोय असेल, तरच ते यंत्र कामाचे ठरते.

इजा शोधण्याऐवजी ती होण्याचे ठिकाण शोधणे हा दुसरा मार्ग, आणि खर्चाच्या मानाने तो अनेकदा जास्त देऊन जातो. १९८० च्या दशकात अमेरिकेत फळाच्या आकाराचा एक गोळा तयार करण्यात आला, ज्याच्या आत तिन्ही दिशांचे धक्के मोजणारा त्वरणमापक आणि स्मृती बसवलेली असते. हा गोळा खऱ्या फळांबरोबर धुण्याच्या टाकीतून, ब्रशांवरून, पट्ट्यांच्या वळणांवरून खोक्यापर्यंत जातो आणि कोणत्या क्षणी किती जोराचा धक्का बसला ते नोंदवतो. नोंदी आणि वेळ जुळवून पाहिले की बहुधा दोन-तीनच जागा उघड्या पडतात: एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडण्याची उंची जास्त असते, किंवा एखाद्या वळणावर गादी झिजून खालचा पत्रा उघडा पडलेला असतो. तिथे उतार कमी करून नवी गादी लावली, की तोच गोळा पुन्हा सोडून फरक पडला का ते त्याच दिवशी पाहता येते.